रांगेतली शेवटची

१२ डिसेंबर

आफ्राची ताकीद आहे, सराव झाला की त्याच दिवशी लिहायचं. काय चुकलं, तिने काय सांगितलं, अंगाला काय जाणवलं. "बाकी रडगाणं नको," म्हणाली. रडगाणं माझ्याकडे नाहीच, तेव्हा सोपं जाईल.

तर आज दोन तास. बर्फ कडक, ऊन नाही. तिचं म्हणणं, मी स्कीवर उभी राहत नाही, बसते. "बुर्गी, खाली स्टूल ठेवलंय का गं कुणी? मग बसतेस कशावर?" दुसरं, प्रत्येक वळण उशिरा. भार बाहेरच्या पायावर वळणाच्या सुरुवातीलाच यायला हवा, माझा येतो तो वळण अर्धं होऊन गेल्यावर. अंगाला काय जाणवलं: थंडी.

हे सगळं कशासाठी तेही एकदा लिहून टाकते. ग्राइटबाख गावातली ही लहान स्की-शाळा माझ्या नवऱ्याची, व्हिन्झेंत्सची. वीस वर्षं आमची पद्धत एकच. रांगेच्या पुढे तो, मध्ये मुलं, शेवटी मी. पडेल त्याला उचलायचं, सुटलेली स्की पायात घालायची, नाक पुसायचं आणि रांग गाठायची. नोव्हेंबरात तो खालच्या खोलीत स्कीला मेण लावत असताना कोसळला. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. मेण वितळवायची इस्त्री तापलेली होती. मी आधी ती बंद केली आणि मग त्याच्याकडे गेले.

परवाना त्याच्या नावाचा. हा एक हंगाम बायकोला चालवू देतात. पुढे चालवायची तर मार्चमधली मोठी परीक्षा मला पास व्हायला हवी. नाहीतर शाळा खालच्या मोठ्या शाळेत जाणार, त्या निळ्या जॅकेटवाल्यांकडे. आफ्रा माझी नणंद. पलीकडच्या खोऱ्यात ती याच परीक्षेसाठी लोकांना तयार करते. तिने विचारलं, "तुला शाळा हवीय का?" मी म्हटलं, शाळेची लाल जॅकेटं सगळी धुऊन ठेवलीत. "हे काय उत्तर झालं?" म्हणाली. मला तर ते झालं असं वाटतं.

१६ डिसेंबर

बूट सैल असणार, असं मी आफ्राला सांगितलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. तरी दुकानात जाऊन बूट तापवून पायाला घट्ट बसवून आणले. फरक शून्य.

आज तिने फोनवर माझं उतरणं टिपलं आणि डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये दाखवलं. लाल जॅकेटमधली एक बाई उतारावरून येतेय. चुकीचं असं काही दिसत नाही, पण प्रत्येक वळणाआधी ती जरा थबकते. बसथांब्यावर उभी असलेली माणसं रस्त्याकडे बघतात ना, तशी. आफ्राने तो तुकडा चार-पाच वेळा मागे नेऊन दाखवला. "हे काय आहे?" मी म्हटलं, कडा बोथट असतील.

२४ डिसेंबर

सराव नाही. सासऱ्यांनी नाताळचं झाड आणलं. दिवे लावले. आफ्रा लवकर निघाली. ठीक.

९ जानेवारी

फार थंडी, सराव रद्द. शाळा मात्र चालू. या हंगामात रांगेच्या पुढे माटुश असतो, स्लोव्हाकियाचा पगारी शिक्षक. पोरगा चांगला आहे, शिट्ट्या फार वाजवतो. मी शेवटी.

लिनुस नावाच्या एका छोट्याचा हातमोजा लिफ्टवरून खाली पडला आणि त्याने कुणाला सांगितलंच नाही. माझ्या लक्षात आलं तोवर बोटं पांढरी झालेली. तेव्हा हूं नाही की चूं नाही. आत आणून त्याचे हात माझ्या काखेत धरले, जरा ऊब लागली आणि त्याने जे भोकाड पसरलं! त्याची आई धावत आली. "काय केलंत माझ्या मुलाला?" मी सांगितलं, बाई, गारठलेली असतात तोवर काही दुखत नाही, ऊब लागली की दुखतात, होईल बरं. तिला ते पटलं नाही. तक्रार करते म्हणाली. करू दे.

१७ जानेवारी

आज स्की धरतच नव्हत्या, म्हणजे उलट, फार धरत होत्या. जरा कलले की कड बर्फात घुसायची आणि मी आडवी. दोनदा पडले. आफ्राने स्की उलटी करून कडेवर नख घासलं, तर नखाचा भुगा निघाला. संध्याकाळी तिने सासऱ्यांना, लोरेन्झना, धरलं.

"बाबा, किती घासता? सुरी करायचीय का तिची?"

"कडा धारदार हव्यात," लोरेन्झ म्हणाले.

"रोज?"

"मग दुसरं काय करू मी सकाळी?"

ते पहाटे उठून खालच्या खोलीत बसतात, कानस चालू असल्याचं मला ऐकू येतं. शहात्तर वर्षांच्या माणसाला थंडीत बसायची हौस का असावी कळत नाही. तिथे आता एक हीटर लावून द्यायला हवा.

रात्रीच्या जेवणाला क्नोडेल, पावाचे उकडलेले गोळे, केले होते. गेले काही आठवडे मला त्यात मीठ कळत नाही. लोरेन्झ म्हणाले खारट झालेत, आफ्रा म्हणाली अळणी. म्हणजे बरोबर असणार.

२९ जानेवारी

आज काहीतरी सापडलं, निदान आफ्राला तरी.

लोरेन्झ आमच्याबरोबर वर आले. आपली जुनी लांबलचक स्की घेऊन, लोकरीची टोपी घालून. मला बघून त्यांचं सुरू झालं. "पोरी, गुडघे चिकटव! पाय असे फाकून काय चालतेस? आमच्या वेळी गुडघ्यांत रुमाल धरून उतरायचो. खाली पोचेपर्यंत रुमाल जागच्या जागी!"

"बाबा, ते आता संग्रहालयात ठेवलंय," आफ्रा म्हणाली.

"मग संग्रहालयात चांगल्या वस्तू ठेवतात."

आणि निघालेच ते, कमरेतून लयीत, छोटी छोटी वळणं घेत. म्हातारा पडला तर उचलायला कुणीतरी हवं म्हणून मी मागोमाग गेले. खाली पोचलो. वरून आफ्रा टिपत होती. ती आली, फोनमध्ये बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा. आता एकटी ये." आले. "आता बाबांच्या मागून." आले. मग तिने दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून दाखवले. सासऱ्यांच्या मागे माझी वळणं अगदी वेळेवर. भार बाहेरच्या पायावर, अंग पुढे, स्टूलबिल काही नाही. एकटीने आले की पुन्हा तेच थबकणं.

"बूट नाहीत," आफ्रा म्हणाली. "कडा नाहीत. बुर्गी, तुला सगळं येतं. तू फक्त पुढचा वळला की मग वळतेस. वीस वर्षं तू कुणाच्या तरी पाठीकडे बघूनच उतरलीस. आणि आता पुढे कुणी नसलं की तू..."

वाक्य तिने अर्धवटच सोडलं. चष्मा काढून पुसायला लागली आणि बराच वेळ पाठ करून पुसत राहिली. तिच्या चष्म्यावर फार वाफ धरते. नवा घे म्हणून सांगायला हवं.

कारण कळलं हे चांगलं झालं. मला वाटलं होतं आनंद होईल. काही झालं नाही.

३ फेब्रुवारी

आफ्राचा उपाय: सकाळची पहिली लिफ्ट, यंत्र फिरवून नुकताच सारखा केलेला उतार, त्यावर एकही खूण नाही. पहिली मी.

उभी राहिले. "जा," ती म्हणाली. मी म्हटलं, आधी तू जा. "नाही." मी म्हटलं, जरा थांबू. कशासाठी, म्हणाली. ऊन छान होतं, वारा नव्हता. तेवढ्यात व्हिएन्नाचे कुणी एक गृहस्थ आले, "सुप्रभात" म्हणाले आणि उतरले. आणि मी त्यांच्या मागे. अगदी तळापर्यंत, त्यांच्या प्रत्येक वळणाला वळण देत. बिचाऱ्यांनी दोन-तीनदा घाबरून मागे बघितलं. खाली पोचल्यावर विचारलं, "बाई, आपली ओळख आहे का?"

आफ्रा वरून शिव्या देत आली. त्या इथे लिहीत नाही. आज वळणं मात्र वेळेवर होती.

१७ फेब्रुवारी

आज फाशिंग, उपासाच्या दिवसांआधीचा सण, सगळे शिक्षक सोंगं घेऊन उतरतात. मी नेहमीचं लाल जॅकेट घातलं. माटुश नवरीच्या वेशात होता, मुलं खूश.

निळ्या शाळेचा रायमुंड दुपारी उतारावरच्या खानावळीत माझ्या समोर येऊन बसला, डोक्यावर कोंबडीचा तुरा, पार्श्वभागाला पिसं. आवाज मात्र गंभीर. "बुर्गी, या वयात परीक्षाबिरीक्षा कशाला? पोरांमध्ये जाऊन हसं करून घेशील. आमच्याकडे ये. लहान मुलांची रांग, शेवटची जागा तुझीच. तुझ्याइतकं कोणी करत नाही ते." वाईट बोलला नाही तो. विचार करते म्हटलं. विचार केला तर मला नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही.

घरी हे सांगितलं. लोरेन्झ ताटावरून उठून खाली गेले. आफ्रा उठली नाही, पण चमचा आपटला. "हो म्हणालीस?"

"विचार करते म्हणाले."

"दोन महिने मी डोंगर ओलांडून येते, बर्फात उभी राहून घसा फोडते, आणि तू त्या कोंबड्याला विचार करते म्हणालीस? बुर्गी, तुला काही वाटतं की नाही?"

मी खरं ते सांगितलं. नाही वाटत.

"मला वाटतं," ती म्हणाली. "माझा भाऊ होता तो." आणि दार आपटून निघून गेली. दाराची बिजागरी सैल झाली आहे, उद्या बघते.

२२ फेब्रुवारी

आफ्रा येणार नाही असं धरून चालले होते. आठला हजर. झाल्या प्रकाराबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. रायमुंडला नकार कळवला, एवढं सांगितलं. का कळवला ते मलाही माहीत नाही. तिने मान हलवली. "चल."

नवा सराव. वळण सुरू करायचं त्या क्षणी स्वतः मोठ्याने ओरडायचं: आता! ओरडल्यावर वळायचं नाही, ओरडतानाच. लाज वाटली. उतारावर हॉलंडची दोन कुटुंबं उभी होती, बघायला लागली. आफ्रा खालून, "ऐकू येत नाही!" मी ओरडले. माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं, वीस वर्षांत मोठ्याने बोलायची वेळच आली नाही. पुढून तोच ओरडायचा.

बरीच वळणं उशिरा. काही वेळेवर. आफ्रा म्हणाली, "काही पुरेत. आजपुरती पुरेत."

८ मार्च

पहिली लिफ्ट, कोरा उतार. उभी राहिले, पण फार नाही. आता, आता, आता. निम्मी वळणं तरी बसली. आफ्राच्या मते डावीकडची सगळी, उजवीकडची अजून चाचपडतायत. बाहेरचा पाय वेळेवर पडला की काय होतं ते आज पहिल्यांदा कळलं. स्की आपणच पुढे पळते, ओढावी लागत नाही. दोन्ही मांड्या जळत होत्या. अंगाला काय जाणवलं: मांड्या.

लोरेन्झनी सकाळी कडा घासल्या नव्हत्या. उशिरा उठले. तब्येत ठीक आहे ना विचारलं, तर म्हणाले, "झोप लागली गं."

२० मार्च

परीक्षेचा पहिला दिवस. पलीकडच्या खोऱ्यातला डोंगर, अनोळखी. बाकीचे उमेदवार सगळे वीस-बावीसचे. खाली परीक्षक झीगहार्ड प्रत्येकाला अहो-जाहो करत होते. हजार मीटरच्या वर लिफ्ट गेली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे अरे-तुरेवर आले. तेच झीगहार्ड आता मला म्हणाला, "तू व्हिन्झेंत्सची बायको ना? आम्ही दोघांनी एकाच वर्षी ही परीक्षा दिली." मी हो म्हटलं.

आज नांगर. मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात तोच, स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, मुंगीच्या वेगाने खाली. आणि गंमत म्हणजे ही पोरं त्यातच मार खातात. तीन वर्षांची असल्यापासून सुसाट जातात, हळू जायचं म्हणजे काय ते कुणाला माहीतच नाही. क्विरिन म्हणून एक आहे, शर्यतींत बक्षिसं मिळवलेला, तो नांगरात असा डगमगत होता की मला हात पुढे करावासा वाटला. माझी उतरायची पाळी मध्येच कुठेतरी होती. वीस वर्षं मी दुसरं केलंय काय? झीगहार्डने मला पुन्हा उतरायला लावलं, बाकीच्यांना दाखवायला. क्विरिन म्हणाला, "मावशी, आम्हाला दत्तक घे."

उद्या तीव्र उतारावरची छोटी वळणं. ती आली नाहीत तर आजच्याला काही अर्थ नाही.

२१ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी चिठ्ठ्या काढल्या. माझा नंबर पहिला. उतार कोरा. वर आम्ही सगळे, खाली मध्यावर दुसरा परीक्षक, तळाशी आफ्रा, लाल ठिपका. झीगहार्ड म्हणाला, "बुर्गी, तयार असशील तेव्हा."

मी तयार होते. काठ्या रोवल्या. उभी राहिले. ओरडायचा शब्द तोंडात होता. मागे पोरं कुजबुजत होती. झीगहार्ड म्हणाला, "स्कीला बूट अडकवायच्या बाइंडिंगला काही झालंय का?" मी म्हटलं, नाही. "मग?"

आणि मी म्हटलं, "व्हिन्झेंत्स निघायचाय अजून."

मी असं म्हटलं. अगदी साधेपणाने म्हटलं, कुणी विचारावं आणि सांगावं तसं. मग माझ्या कानावर ते आलं. मागची कुजबुज थांबली. झीगहार्ड माझ्याजवळ सरकला. त्याने खांद्याला हात लावला नाही, काही नाही. हळू म्हणाला, "तुझ्यापुढे कुणी नाही, बुर्गी. पहिली तू आहेस."

मग मला रडू आलं. रडू म्हणजे काय सांगू, ओरडलेच मी. डोंगराच्या डोक्यावर, त्या सगळ्या पोरांसमोर, तोंड उघडं टाकून, नाक वाहत. किती वेळ ते माहीत नाही. थांबेचना. व्हिन्झेंत्स, मेल्या, कुठे गेलास रे मला इथे उभी करून, असं काहीतरी ओरडले, क्विरिनने नंतर सांगितलं. कोणी हललं नाही. नंबर दोनच्या मुलीने हातमोजा काढून माझं नाक पुसलं.

"थांबूया का? शेवटी ये हवं तर," झीगहार्ड म्हणाला.

शेवटी! मला इतका संताप आला. "नाही," म्हटलं. "शाळा माझी आहे. मला हवीय ती." आणि निघाले.

चष्म्यात पाणी, समोरचं काही दिसत नव्हतं. आता, आता, आता, ओरडत गेले. तळाशी आफ्रापाशी जाऊन थांबले ते तिच्या अंगावरच. दोघी पडलो. ती म्हणाली, "वेळेवर. गाढवे, सगळी वेळेवर होती!" आणि मग ती रडायला लागली आणि मी तिचा चष्मा काढला. वाफबिफ काही नव्हती.

दुपारी निकाल सांगितले. छोट्या वळणांत गुण कमी, दोनदा आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेले म्हणून. पण पास. नांगरात सगळ्यांत वर. झीगहार्ड खाली गाडीतळावर हात मिळवताना म्हणाला, "अभिनंदन, आता तुमची शाळा तुम्हीच चालवा." घरी आले तर लोरेन्झ दारात उभे. मी पास म्हटलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "गुडघे?" मी म्हटलं, फाकलेलेच. "असू दे," म्हणाले.

२५ मार्च

माटुशचा करार संपला, काल तो गावी परतला. ईस्टरपर्यंत मी एकटी आहे. आज रांगेच्या पुढे मी, मागे मुलं.

चांगलं जमलं. वळण घेऊन मागे बघायचं, सगळी ओळीत आहेत ना. तिसऱ्या वळणावर एक छोटी पडली. मी रांग थांबवली आणि वाट बघितली, सवयीने, शेवटचं माणूस उचलेल म्हणून. शेवटी कोणी नव्हतं. मुलं माझ्याकडे बघत होती. मग स्की आडव्या टाकून एकेक पाऊल वर चढले, तिला उचललं, बर्फ झटकला, खाली आले, रांग पुन्हा चालू. ती पुन्हा पडली. पुन्हा चढले. दुपारपर्यंत अंगातली लोकर पिळून घ्यावी इतका घाम.

जेवताना लोरेन्झनी विचारलं, "शेवटी कोण होतं?"

"कोणी नाही."

"उद्यापासून मी येतो. फक्त वाकून उचलायला जमत नाही मला. तेवढं सोडून सगळं करतो."

मी हसले. खूप दिवसांनी हसले, बरगड्या दुखल्या. ते खाली गेले. मी भांडी घ्यायला उठले. सूप आज खारट होतं, मला कळलं. आणि त्या तिथे मोरीपाशी व्हिन्झेंत्स मला इतका हवासा झाला की नळ धरून उभी राहिले. त्याला सांगायचं होतं. नांगरात सगळ्यांत वर आले, झीगहार्ड भेटला, तुझे बाबा रांगेच्या शेवटी येतायत, बघ. शाळा राहिली, आणि ज्याला हे सांगायचं तो मेलाय. माझा नवरा मेलाय. चार महिन्यांत हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. फार दुखतंय. उद्या नऊ वाजता मुलं येतील.